तज्ज्ञाचा शब्द कुठवर धरायचा?

हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूर आणि कळमनुरी तालुक्यातल्या आसपासच्या गावांत ‘तज्ज्ञांचे पथक येणार आहे’ हे वाक्य दोन प्रसंगी हमखास कानावर पडते. एक, जमीन हादरली की. दुसरा, पेरलेले सोयाबीन मातीतच राहिले की. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी या परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा आला. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५ चा. अशा वेळी लेकरे घेऊन अंगणात आलेल्या माणसाला भूगर्भाचे शास्त्र नको असते. घरात परत जायचे की नाही, एवढेच त्याला हवे असते. बियाण्याच्या बाबतीतही तसेच. दोष बियाण्याचा, पावसाचा की पेरणाऱ्याचा, हे कुणीतरी ठरवावे लागते आणि त्यावर नुकसानभरपाई अवलंबून असते. दोन्हीकडे उत्तर तज्ज्ञाकडे मागितले जाते. मग तज्ज्ञ म्हणायचे कुणाला, त्याचा शब्द कुठवर धरायचा आणि शेवटचा निर्णय कुणाचा?

प्रश्न जुना आहे. रोमन लोक जाणत्याला ‘पेरिटुस’ म्हणत. प्रयोग, अनुभव आणि धोका या अर्थांचे लॅटिन शब्द याच कुळातले. स्वतः करून पाहिलेला, प्रसंगातून गेलेला माणूस म्हणजे पेरिटुस. पदवीचा किंवा हुद्द्याचा त्यात काही भाग नव्हता. कायद्याचा जाणता तो ‘युरिसपेरिटुस’. अशा जाणत्यांच्या मतांना रोममध्ये इतके वजन आले, की परस्परविरोधी मतांच्या गर्दीत न्यायाधीश गोंधळू लागले. इ. स. ४२६ मध्ये सम्राटांनी त्यावर नियमच केला: पापिनियन, पॉलुस, अल्पियन, गायुस आणि मोडेस्टिनुस या पाच जणांची मते धरायची, त्यांच्यात दुमत असेल तर बहुमत पाहायचे, आणि समसमान मते पडली तर पापिनियनचे मत प्रमाण. हे पाचही जण तेव्हा कधीचेच दिवंगत झाले होते. हा नियम मला रोमन कायद्यातला सर्वांत हताश नियम वाटतो. जाणत्याचे मत तपासायची ताकद उरली नाही, की माणसे मते मोजू लागतात.

त्याच रोमन परंपरेत एक फार शहाणी तरतूदही आहे. सम्राट जस्टिनियनच्या इ. स. ५३३ च्या कायदेग्रंथात ‘इम्पेरितिया’, म्हणजे अंगी कसब नसणे, हाच दोष मानला आहे. उदाहरणे दोन. शस्त्रक्रिया चुकीची करणारा वैद्य, आणि खेचरे आवरता न आल्याने त्यांच्या पायाखाली दुसऱ्याला तुडवू देणारा खेचरवाला. वैद्य आणि खेचरवाला एकाच ओळीत बसवले आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. जे काम येत नाही ते अंगावर घेतले, आणि त्यापायी दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ‘मुद्दाम केले नाही’ हा बचाव चालत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले या खटल्यात जे सांगितले ते याच वाटेवरचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर अपघात होऊन मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाला १९५३ मध्ये पुण्याला उपचारासाठी नेले होते. तिथे तो दगावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. न्यायालयाने डॉक्टरची पहिली जबाबदारी सांगितली ती अशी: हा रुग्ण आपण हाती घ्यावा की नाही, हे ठरवतानाच काळजी घेणे. उपचार कोणता द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या जबाबदाऱ्या त्यानंतरच्या.

इंग्रज वकिलांनी पुढे एक लॅटिन वचन पाठ केले: ‘कुइलिबेत इन सुआ आर्ते पेरितो एस्त क्रेदेन्दुम’. ज्याच्या त्याच्या कलेत जो जाणता, त्याच्यावर विश्वास ठेवावा. या वचनातला ‘विश्वास ठेवावा’ हा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. खरा भार ‘ज्याच्या त्याच्या कलेत’ यावर आहे, आणि तज्ज्ञांच्या बाबतीत जिथे जिथे घोटाळा झाला आहे तिथे बहुधा हेच शब्द गळालेले असतात.

हिंगोली जिल्ह्याला हे लॅटिन नवे असले तरी गोष्ट नवी नाही. नरसी नामदेव इथून फार दूर नाही. परंपरेने सांगितलेली कथा सर्वांना ठाऊक आहे: संतमेळ्यात मुक्ताबाईने तेरच्या गोरोबाकाकांना सांगितले, की यातली भाजलेली मडकी कोणती आणि कच्ची कोणती ते पाहा. गोरा कुंभाराने थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले. बाकीचे संत गप्प बसले. नामदेव मात्र रागावले. गोरोबांनी सांगितले, हे मडके कच्चे. कथेचा पुढचा भाग आपण सहसा घाईने सांगतो. गोरोबांनी कच्चेपणा ओळखला, पण नामदेवांना पक्के करायचे काम आपल्याकडे घेतले नाही. त्यासाठी नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. मडके कच्चे की पक्के हे सांगणे कुंभाराची कला. ज्ञान देणे गुरूची. दोघांनी आपापली हद्द ओलांडली नाही.

या भागात अशी पारख रोजच्या व्यवहारात आजही चालते. हिंगोलीच्या किंवा वसमतच्या हळद बाजारात लिलावाच्या वेळी जुना खरेदीदार ढिगात हात घालतो, खालच्या थरातली एक कांडी काढतो आणि मोडतो. नीट वाळलेली कांडी टणक मोडते, धातूवर धातू आपटल्यासारखा तिचा आवाज होतो. ओल राहिली असेल तर ती लवते आणि मग तुटते. मग तो तुटलेल्या तोंडाचा रंग पाहतो, मधला भाग आणि कडेचा भाग एकसारखा शिजला आहे का ते बघतो. शेतकऱ्याकडची पारख त्याच्याही आधीची: कढईत हळद शिजत आली की वर फेस येतो, वाफेला हळदीचा वास सुटतो, आणि काडी टोचली की ती गड्ड्यात सहज जाते. ही दोन्ही ज्ञाने पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहेत आणि बाजाराचा भाव मोठ्या प्रमाणात त्यांच्यावर ठरतो. पण त्यांचीही हद्द आहे. हळदीत कुरकुमीन किती टक्के, हे कांडी मोडून कळत नाही. रंग उठावदार दिसावा म्हणून कुणी शिशाचे क्रोमेट वापरले असेल, तर तो पिवळाधमक रंग तरबेज डोळ्यालाही फसवू शकतो. तिथे प्रयोगशाळाच हवी. प्रयोगशाळेचे तज्ज्ञ आले म्हणून कांडी मोडणाऱ्याचे ज्ञान खोटे ठरत नाही, आणि कांडी मोडता येते म्हणून प्रयोगशाळेचे काम होत नाही.

जाणतेपण मान्य करायचे आणि जाणत्याला मात्र बाहेर ठेवायचे, हेही आपल्याकडे झाले आहे. मराठी मुलखात शिवेचा तंटा उभा राहिला, की गावच्या महाराच्या शब्दाला वजन असे; शीव कुठून कुठे जाते, कोणता दगड कुणाच्या हद्दीत, हे त्याला पक्के माहीत असायचे. सारे गाव त्याच्या साक्षीवर जमिनीची हद्द ठरवत होते आणि त्याच माणसाला गावकुसाबाहेर ठेवत होते. तज्ज्ञतेचा इतिहास लिहायचा तर ही नोंद सगळ्यांत वर हवी, असे मला वाटते. कुणाचे ज्ञान ‘शास्त्र’ म्हणून नोंदले जाते आणि कुणाचे नुसते वापरले जाते, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ च्या सुमारास शेतातल्या धानात त्यांना काही ओंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी जपून ठेवले, वर्षानुवर्षे वेगळे पेरले, निवडले, आणि त्यातून एचएमटी हे वाण उभे राहिले. पुढे कृषी विद्यापीठाने त्यावर काम करून वाण प्रसारित केले. श्रेय आपल्याला पुरते मिळाले नाही, ही खोब्रागडे यांची खंत २०१८ मध्ये ते जाईपर्यंत राहिली. पेरिटुसच्या मूळ अर्थाला खोब्रागडे पुरेपूर उतरतात.

आता कायद्याकडे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ४५ तज्ज्ञाच्या मताला पुराव्यात जागा देत असे. परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे अशी तिथली यादी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ३९ मध्ये या यादीत ‘किंवा अन्य कोणतेही क्षेत्र’ अशी भर पडली आहे. भर छोटी दिसते, पण हळद, बियाणे, विहिरीचे झरे, बैलांची पारख अशा शंभर गोष्टींच्या जाणत्यांसाठी दार त्यामुळे अधिक उघडे झाले आहे. पदवीची अट जुन्या कायद्यातही नव्हती. इंग्लंडमध्ये १८९४ च्या सिल्व्हरलॉक खटल्यात एका वकिलाने फावल्या वेळात दहा वर्षे हस्ताक्षरांचा अभ्यास केला होता. तो व्यवसायाने हस्ताक्षरतज्ज्ञ नव्हता, तरी न्यायालयाने त्याचे मत ग्राह्य धरले. कसब कुठून आले हे दुय्यम. ते आहे की नाही, हे पाहायचे. जुन्या कायद्याच्या कलम ४९ मध्ये आणि नव्याच्या कलम ४३ मध्ये तर असेही आहे, की एखाद्या भागातल्या किंवा एखाद्या वर्गाच्या लोकांत एखाद्या शब्दाचा अर्थ काय, हा वाद आला तर ते माहीत असण्याची खास साधने ज्यांच्याकडे आहेत अशांचे मत विचारात घेता येते. हळदीच्या सौद्यातल्या शब्दाचा अर्थ न्यायालयात लागायचा असेल, तर आखाडा बाळापूरचा जुना आडत्या हाच तिथला तज्ज्ञ.

पदवी नसून तज्ज्ञ असता येते, तसेच पदवी असून तज्ज्ञ नसताही येते. सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा हिमाचल प्रदेश विरुद्ध जय लाल हा निकाल शेतीवाल्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे. १९८३ मध्ये हिमाचलात सफरचंदांवर खपल्या रोग पडला. बागाईतदार बुडू नयेत म्हणून सरकारने रोगट फळे विकत घेतली. नंतर आरोप झाला, की काहींनी आपल्या बागेत येणे शक्यच नाही इतकी फळे दाखवून पैसे उचलले. बागेत किती फळ येऊ शकते हे सिद्ध करायला सरकारने फलोत्पादन खात्याचा अधिकारी तज्ज्ञ म्हणून उभा केला. त्याचे शिक्षण शेतीचेच होते. पण सफरचंदाच्या बागेचे उत्पादन आजमावण्याचे खास प्रशिक्षण किंवा तसा अनुभव त्याच्याकडे असल्याचे न्यायालयाला दिसले नाही. शेतीची पदवी आणि खात्यातला हुद्दा एवढ्याने त्या विशिष्ट कामातला तज्ज्ञ होत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

त्याच निकालात दुसरी गोष्ट सांगितली आहे, ती मला अधिक मोलाची वाटते. तज्ज्ञाने नुसता निष्कर्ष देऊन भागत नाही. तो कोणत्या कसोट्यांनी काढला, हे त्याने न्यायाधीशापुढे मांडायचे असते, म्हणजे न्यायाधीशाला तो स्वतः तपासून पाहता येतो. हे तत्त्व स्कॉटलंडमधल्या १९५३ च्या डेव्ही खटल्यातून आले. एडिनबरा नगरपालिकेने सांडपाण्याच्या बोगद्यासाठी सुरुंग लावले होते; त्यांच्या हादऱ्यांनी आपल्या इमारतीला तडे गेले, अशी मालकाची तक्रार होती. नगरपालिकेच्या तज्ज्ञाचे म्हणणे होते की हादऱ्यांनी असे होणे शक्य नाही, आणि त्याच्या विरोधात दुसरा तज्ज्ञ आलेला नव्हता, म्हणून ते मान्य केलेच पाहिजे असा नगरपालिकेचा आग्रह होता. न्यायालय म्हणाले, तसे नाही. तज्ज्ञ कितीही मोठा असला तरी निर्णय त्याच्या हाती सोपवलेला नाही.

बियाण्याच्या तक्रारींत ही दोन्ही सूत्रे धरली तर काय दिसते? २०२० च्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलेच नाही. तक्रारी इतक्या आल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली. अशा तक्रारीवर तालुक्याची समिती शिवारात जाते. तिच्यात कृषी खात्याचे अधिकारी असतात, कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा शास्त्रज्ञ असतो, बियाणे महामंडळाचा प्रतिनिधी असतो. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासूनचे. माणसे कमी पडत नाहीत. पण पंचनाम्यात ‘पेरणी खोल झाली’ किंवा ‘ओल अपुरी होती’ एवढे एकच वाक्य आले, तर ते जय लालच्या कसोटीला उतरत नाही. किती खोल? किती ठिकाणी उकरून पाहिले? शेजारच्या शेतात त्याच दिवशी, दुसऱ्या पिशवीतले बी पेरले होते का, आणि ते उगवले का? त्या आठवड्यात मंडळात पाऊस किती मिलिमीटर? बी कुजले होते, की मुळात फुगलेच नव्हते? हे लिहिले असेल तर शेतकरी, कंपनी आणि न्यायालय, तिघांनाही निष्कर्ष पडताळता येतो. लिहिले नसेल तर तो निष्कर्ष फक्त सहीच्या जोरावर उभा असतो.

ग्राहक न्यायालयांत बियाणे कंपन्यांचा जुना युक्तिवाद असे, की प्रयोगशाळेत नमुना तपासल्याशिवाय दोष सिद्ध होत नाही. २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला सरळ उत्तर दिले: शेतकरी घेतलेले सगळे बी पेरतो. तपासणीसाठी थोडे बाजूला काढून ठेवावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही. त्यामुळे प्रत्यक्ष शेत पाहिलेल्या अधिकाऱ्यांच्या आणि आयुक्तांच्या अहवालांवर विसंबून भरपाई देणे न्यायालयाला चुकीचे वाटले नाही. शेतात उभे राहून पाहणारा जाणता प्रयोगशाळेतल्या जाणत्यापेक्षा इथे अधिक उपयोगी ठरला.

यात एक तपासणी शेतकऱ्याला स्वतः करता येते, आणि कृषी खाते दरवर्षी तिची आठवण देत असते. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के हवी, असा दंडक आहे. गोणपाटाचा तुकडा भिजवून पसरायचा, त्यावर ओळीने शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे. आठवड्याच्या आत उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर नेहमीचे प्रमाण, थोडे कमी आले तर एकरी बी वाढवायचे, फारच कमी आले तर ते बी पेरायचे नाही. सोयाबीनच्या दाण्याचे साल नाजूक असते, पोती आपटली की आतला अंकुर दुखावतो. म्हणून पिशवीवरचे लेबल काहीही म्हणो, आपल्या घरात येईपर्यंत त्या बियाण्याचे काय झाले हे गोणपाटच सांगते. ही मोजणी फोटोसह आणि तारखेसह ठेवली, तर उद्या समितीपुढे शेतकरी रिकाम्या हाताने उभा राहत नाही.

तज्ज्ञाच्या नजरेच्या जागी मोजमाप आणायचे, ही वाट आपल्याकडे एका मराठी माणसाने फार मोठ्या प्रमाणावर घातली. पूर्वी पीक किती आले हे नजरेने ठरे. रुपयाचे सोळा आणे धरून आणेवारी, पुढे पैसेवारी. पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळी सवलती. नजर टाकणाऱ्याला शेती कळत नव्हती असे नाही. पण त्याच्या आकड्यावर सवलती ठरत, आणि जिथे आकड्याला असे वजन असते तिथे नुसती नजर पुरत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत देशभर रुजवली. शेत कुणी निवडायचे? कुणीच नाही, ते यदृच्छेने निघाले पाहिजे. शेतातला तुकडाही तसाच. साधारण दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, तेवढ्यातलेच पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. लहान तुकडे चालतील की मोठेच हवेत, यावर सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात जोराचा वाद झाला. तुकडा फार लहान घेतला तर कडेची ताटे आत ओढली जातात आणि उत्पादन फुगलेले दिसते, हे सुखात्म्यांनी दाखवून दिले. आजचा पीक विमा याच तुकड्यांच्या वजनावर मोठ्या प्रमाणात चालतो. तुकडा कोणता निघाला आणि वजन किती भरले, हे तिथे उभ्या असलेल्या शेतकऱ्याने पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.

पेरिटुस हा शब्द विसाव्या शतकात पुन्हा जगाच्या तोंडी आला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे. ११ ऑक्टोबर १९६२ ते ८ डिसेंबर १९६५ या काळात रोममध्ये भरलेल्या या परिषदेत बिशपांना सल्ला द्यायला धर्मशास्त्राचे पंडित नेमले होते. त्यांचे अधिकृत नाव ‘पेरिती’. कार्ल रानर, इव्ह कोंगार, आँरी द ल्युबाक ही त्यातली मोठी नावे. योसेफ रात्सिंगर तेव्हा पस्तिशीचे. पुढे ते पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. या मंडळींना सभेत बसता येई, पण विचारल्याशिवाय बोलता येत नसे, आणि मत तर नव्हतेच. मसुद्यांवर त्यांच्या लेखणीचा ठसा आहे, पण मत द्यायचे ते बिशपांनी. परिषदेच्या निर्णयांनी लॅटिनमधली उपासना लोकभाषांत आली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठीतून मिस्सा होऊ लागली. जाणत्यांनी वाट दाखवली आणि जबाबदारी ज्यांची त्यांनी ठरवले. एडिनबराच्या न्यायालयाने जे सांगितले, त्याच्याशी याचा मेळ आहे.

या सगळ्याची कठीण परीक्षा भूकंपात होते. लॅटिनच्याच मायदेशात, इटलीतल्या लाक्विला शहरात, २००९ च्या सुरुवातीला महिनोन्‌महिने लहान धक्के बसत होते. लोक रात्री अंगणात झोपत. ३१ मार्चला तज्ज्ञांची समिती शहरात बसली. बैठकीच्या आधीच नागरी संरक्षण खात्याचे उपप्रमुख बेर्नार्दो दे बेर्नार्दिनिस यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले, की ऊर्जा थोडी थोडी बाहेर पडते आहे, हे चांगलेच आहे. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला. ३०९ माणसे गेली. २०१२ मध्ये सात जणांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञ हादरले: भूकंपाचे भाकीत करता आले नाही म्हणून तुरुंग? २०१४ मध्ये अपिलात सहा जण सुटले. एकाची शिक्षा कमी झाली, पण दोष कायम राहिला; ते दे बेर्नार्दिनिस. त्यांचा विषय जलशास्त्र होता.

‘लहान धक्क्यांनी ऊर्जा निघून जाते, मोठा येत नाही’ हे वाक्य आपल्याकडेही दिलासा म्हणून सहज बोलले जाते. ते खरे नाही, आणि ते का खरे नाही हे दोन ओळींत कळते. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोनने वाढला तर सुमारे हजार पट. म्हणजे सहा तीव्रतेच्या एका भूकंपाची ऊर्जा लहान धक्क्यांनी बाहेर पडायची तर चार तीव्रतेचे हजारएक धक्के लागतील. कळमनुरी-वसमतच्या धक्क्यांनी काही निवते आहे, असे म्हणायला या हिशोबात आधार नाही. मोठा येणारच, असे म्हणायलाही नाही. भूकंपतज्ज्ञाची हद्द आज इथवर आहे, आणि ती त्याने स्पष्ट सांगणे यातच त्याचे तज्ज्ञपण आहे.

मराठवाड्याने ही हद्द फार महाग शिकली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जवळजवळ आठ हजार माणसे गेली, तेव्हा देशाच्या भूकंप-नकाशावर तो भाग पहिल्या, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. दख्खनचे पठार स्थिर, ही त्या वेळची जाणत्यांची समजूत होती. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला पट्टाच काढून टाकला आणि लातूरचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. तज्ज्ञ खोटे बोलले नव्हते. उपलब्ध नोंदींवरून त्यांनी नकाशा काढला होता. पण खाली बांधल्या जाणाऱ्या घरांच्या मालकांना या नोंदी किती तोकड्या आहेत हे कुणी सांगितले नव्हते. मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद, यांनी माणसे मेली. त्या भिंती कशा पडतील, हे त्या घरात राहणाऱ्याला नकाशावाल्यापेक्षा जास्त कळण्यासारखे होते, जर त्याला कुणी धोका आहे एवढे तरी सांगितले असते.

म्हणून मार्च २०२४ च्या धक्क्यांनंतर या भागात प्रशासनाने दिलेली एक सूचना मला आजवरच्या अशा सूचनांत सर्वांत कामाची वाटली. घरावरच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. धक्क्यात पत्रा क्वचित मारतो. त्यावरचा दगड मारतो. सूचना तज्ज्ञाच्या हद्दीतली, कारण कळेल अशी, आणि त्याच दुपारी करता येण्यासारखी. पण ते दगड तिथे कुणी उगाच ठेवलेले नसतात. वैशाखातले वादळ आले की पत्रे उडून दुसऱ्याच्या वावरात जातात, हे बाळापूरच्या बाईला आणि गड्याला अनुभवाने ठाऊक असते. वाऱ्याच्या बाबतीत तज्ज्ञ तेच. दगड नुसते काढा म्हटले तर पहिल्या वावटळीनंतर ते पुन्हा वर चढतील. पत्रा खालच्या लोखंडी पाइपाला किंवा वाशाला वाकड्या हुकांनी आणि नटांनी, खाली रबरी वायसर घालून, कडेला जवळजवळ आणि मध्ये थोडे लांब आवळला, तर दगड लागत नाही आणि पत्राही उडत नाही. हे काम करणारा कारागीर गावातच असतो. पुढच्या वेळी पथक आले तर त्याला त्यांच्याबरोबर घरोघर नेले पाहिजे, आणि कोणत्या घराची भिंत हूक पेलेल आणि कोणत्या घराची नाही, ते त्याच्या तोंडून लिहून घेतले पाहिजे.